गणवेश चढवायला किती वेळ लागतो?

सोमवार, रात्री

फेलोशिपचा पहिला दिवस. कामगार हक्कांच्याच कामात का यायचं होतं, याचं छोटंसं भाषण मनात तयार ठेवलं होतं. कुणी विचारलंच नाही. मॅडमनी टेबल दाखवलं, "दुपारी पक्षकार येतील, हकिकत लिहून घे" म्हणाल्या आणि कोर्टात निघून गेल्या.

पक्षकार म्हणजे एका मोठ्या इमारतीत साफसफाई करणाऱ्या बाई. वयाने आईएवढ्या, म्हणून मी मावशी म्हटलं. त्या मात्र शेवटपर्यंत मला वकीलबाईच म्हणत राहिल्या. तक्रार ओव्हरटाइमच्या पैशांची. मालकाचं उत्तर एका ओळीचं: जादा काम झालेलंच नाही. हजेरीपट अर्थातच त्याच्याकडे. मावशींकडे फक्त एक वही, मुलीची जुनी, मागच्या पानापासून सुरू केलेली. तारीख, आल्याची वेळ, सुटल्याची वेळ. कुठे पेन, कुठे पेन्सिल.

वेळा उतरवताना सहज विचारलं, "सात म्हणजे गेटवर सात, की काम हातात घेतलं तेव्हा?"

"काम हातात घेतलं तेव्हा. गेटवर पावणेसातलाच लागतं. गणवेश चढवायचा, बादल्या भरायच्या, सामान मोजून घ्यायचं."

"मग ते का नाही लिहिलं?"

मावशी हसल्या. "ते कुठे काम असतं, वकीलबाई?"

नेमका याच प्रश्नावरचा निकाल मी परीक्षेसाठी घोकला होता. १९४६, अमेरिकेचं सर्वोच्च न्यायालय, मातीच्या भांड्यांचा कारखाना. कामगार कार्ड पंच करून आपल्या जागेपर्यंत चालत जायचे, एप्रन चढवायचे, हातांना पट्ट्या गुंडाळायचे, खिडक्या उघडायचे. न्यायालय म्हणालं, हाही कामाचाच वेळ. आणि पुढे म्हणालं, नोंद ठेवणं मालकाचं काम; त्याने ती नीट ठेवली नसेल, तर कामगाराने वाजवी अंदाज बांधता येईल इतका पुरावा दिला तरी पुरे, मग तो खोडून काढायची जबाबदारी मालकावर. दुसऱ्याच वर्षी तिथल्या संसदेने कायदा करून अशा चालण्या-तयारीच्या वेळेचा बराचसा हक्क काढून घेतला. नोंदीचं तत्त्व तेवढं टिकलं. माझ्या पुस्तकात हे सगळं एका तळटीपेत होतं!

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा अगदी पहिला करार १९१९ चा. कारखान्यांसाठी दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८, जादा तासांना किमान सव्वापट दर, आणि त्या जादा तासांची नोंद मालकाने ठेवायची. शंभर वर्षांनी, २०१९ मध्ये, युरोपीय संघाच्या न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं की रोजच्या कामाचा वेळ मोजायची भरवशाची व्यवस्था मालकाकडे हवीच. आणि इथे ती व्यवस्था मुलीच्या वहीत.

मावशींची पंधरा मिनिटं मी समासात मांडून पाहिली. सहा दिवसांचे दीड तास. वर्षाचे ७८. म्हणजे जवळजवळ १० दिवसांचं काम, जे खुद्द करणारीच काम म्हणून मोजत नाही.

संध्याकाळी मॅडमनी माझा मसुदा वाचला. "अमानुष पिळवणूक" यावर सरळ रेघ. "हा निष्कर्ष आहे. तो न्यायाधीशांना काढू दे. तू वेळा लिही." पटलं, पण पूर्ण नाही. एखाद्या ओळीत राग दिसला तर काय बिघडतं, असं अजूनही वाटतंय.

दुसरी चूक मात्र खरीच चूक होती. मी म्हटलं, मावशींना ती पंधरा मिनिटं वहीत भरायला सांगू का? मॅडमनी चष्मा काढला. "वहीला हात लावायचा नाही. नंतर घातलेली एक ओळ उलटतपासणीत निघाली की सगळी वही गेली. पंधरा मिनिटं प्रतिज्ञापत्रात येतील, त्यांच्या शब्दांत." कान गरम झाले. चार महिन्यांपूर्वी मिळालेली सनद, आणि पहिल्याच दिवशी मी पुरावा बिघडवायला निघाले होते. तेही चांगल्या हेतूने.

तिसरी मी मॅडमना सांगितलेलीच नाही. जाताना मावशींनी विचारलं, "मिळतील ना पैसे?" आणि मी "नक्की" म्हणून मोकळी झाले.

गुरुवारी त्या परत येतील. आधी तो "नक्की" मागे घ्यायचा. मग विचारायचं, की सामानाची खोली सकाळी कोण उघडतं, किल्ली कुणाकडे असते. सुपरवायझरकडे असेल, तर पावणेसातला तोही तिथे हजर असणार.