सगळं गेलं म्हणजे काय काय

सूनबाईचा फोन ठेवल्यापासून तिचं एक वाक्य डोक्यातून जात नाहीये. "आई, युद्धात आमचं सगळं गेलं, एवढं त्यात लिहा." नातवाच्या शाळेतल्या वंशावळीसाठी तिला तेवढीच ओळ हवी आहे. थोडक्यात आटपा, असंही म्हणाली. आटपलंच असतं, पण मी नेमके तिच्या पूर्वजाच्या मालमत्तेचे ते दोन रकाने बघून बसले होते.

हा पूर्वज म्हणजे अमेरिकेतल्या अलाबामाचा शेतकरी, आणि युद्ध म्हणजे गुलामगिरी संपली ते तिथलं १८६१ ते १८६५ चं यादवी युद्ध. १८७० च्या शिरगणतीत तो ली काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी) भेटतो आणि १८६० ला तिथेच शोधावं तर काउंटीच नाही. डिसेंबर १८६६ मध्ये चेंबर्स, मेकन, रसेल आणि टॅलापूसा या चार काउंट्यांचे तुकडे घेऊन ती केली. माणूस जागचा हलला नाही, हद्द हलली. त्यामुळे त्याआधीच्या नोंदींसाठी चारही चाळायच्या, आणि जुनी खरेदीखतं बघायची ती जुन्या काउंटीच्या कोर्टहाउसात. नावावर तर अजिबात विसंबायचं नाही. एकाच नावाचे दोघेतिघे निघतात, आणि 'ज्युनियर' हा 'सीनियर'चा मुलगाच असेल असंही नाही. पुष्कळदा तो त्या भागातला त्याच नावाचा वयाने लहान माणूस, इतकंच. जमिनीचं वर्णन मात्र काउंटी बदलली तरी तेच राहतं, सरकारी मोजणीच्या आखणीतलं: टाउनशिप, रेंज, सेक्शन. टाउनशिपमध्ये ३६ सेक्शन, सेक्शन ६४० एकरांचा, त्याचा पाव हिस्सा १६०, त्याचाही पाव ४०. तो ४० एकरांचा चौकोन हाती लागला की माणूस पक्का.

पडताळायला शेतीचा तक्ता. १८५० ते १८८० या चार शिरगणत्यांत तो वेगळा भरला आहे. लागवडीची जमीन किती, बाकीची किती, खेचरं, कामाचे बैल, डुकरं, मका बुशेल या मापात, रताळी, लोणी पौंडात, कापूस गाठींत. १८५० आणि १८६० मध्ये शंभर डॉलरच्या आतलं उत्पन्न असलेली शेतं त्यात घेतलेलीच नाहीत, म्हणून नाव नाही म्हणजे शेत नाही, असं समजू नये. आमच्या माणसाचं लोणीसुद्धा मोजलेलं आहे. पणजीने किती घुसळलं हे आमच्याकडे कोणी सांगेल का?

असो. ते दोन रकाने. १८६० आणि १८७० च्या मुख्य तक्त्यात प्रत्येकाच्या नावापुढे स्थावराची किंमत आणि चल मालमत्तेची किंमत आहे. दोन्ही सालं शेजारी धरली. स्थावराचा आकडा घटला आहे, पण सेक्शन तोच, घर तेच, खेचरंही आहेत. कोसळला आहे तो चल मालमत्तेचा आकडा. १८६० मध्ये दक्षिणेत त्या रकान्यात गुलाम माणसांची किंमतही धरत.

"सगळं गेलं" ते हे.

त्याच सालचा गुलामांचा तक्ता उघडला. मालकाचं नाव आहे, खाली ओळीने वय, लिंग, वर्ण. शेवटी झोपड्या किती. नाव एकाचंही नाही. ३५, पुरुष. २८, स्त्री. १२, स्त्री. आणि तळाशी ६/१२. सातबारा वाचण्यात हयात गेलेल्या डोळ्यांना क्षणभर कळेना हे काय. सहा महिन्यांचं बाळ. वर्षाच्या आतलं वय असं बाराव्या हिश्शांत लिहीत.

आता हे मला का टोचावं? माझा ना तो पणजा, ना खापरपणजा. कोणी सांगितलं नव्हतं, डोळ्यांत थेंब घालून त्या फिकट शाईत तोंड खुपसून बसायला. आणि सापडलं ते नको असलेलं. सूनबाईच्या आजीचा चेहरा आठवतो, तीही हेच वाक्य... जाऊ दे.

पण वाक्य ओळखीचं आहे, हेच खरं दुखणं. सासरी आल्यापासून पानावर बसलं की ऐकलं आहे, "कूळकायद्यात सगळं गेलं." फेरफार मीच काढले होते. १ एप्रिल १९५७ चा, कुळांना जमिनीचे मालक ठरवणारा कृषकदिन, मग किंमत ठरवायला कलम ३२-ग ची चौकशी, ठरलेली किंमत, कुळाने भरलेले हप्ते. म्हणजे गेलं ते कसणाऱ्याकडे गेलं, आणि पैसे देऊन गेलं. वाडा राहिला, आमराई राहिली, ताठाही राहिला. कूळ म्हणजे गुलाम नव्हे, ती बरोबरी मी करत नाही. पण वाक्य अक्षरशः तेच, आणि म्हणणारे आपण. हसूच आलं. विहीणबाई, आपण एका पंक्तीच्या निघालो म्हणायच्या!

आणि त्याच्याही आधी? अलाबामाची ती जमीन क्रीक या तिथल्या मूळ रहिवासी लोकांची. १८३२ च्या तहाने कुटुंबप्रमुखाला ३२० एकर मिळाले, आणि काही वर्षांतच त्यांना मिसिसिपी नदीपलीकडे हाकललं. त्यामुळे खरेदीखतांच्या साखळीत पहिलं नाव क्रीक माणसाचं असू शकतं. ती साखळी अजून वरपर्यंत चढायची आहे.

तक्त्यातल्या त्या गुलामांची नावं शोधायची तर मार्ग आहे. मालक १८६५ नंतर वारला असेल तर त्याच्या स्वतःच्या मृत्यूनंतर केलेल्या मालमत्तेच्या यादीत ती मिळणार नाहीत. त्याच्या बापाची आणि सासऱ्याची वारसा प्रकरणं बघायची. मालमत्तेची मोजदाद करणारे माणसांची नावं किमतीसकट लिहीत, कारण वाटणी करायची असे. मग १८७० मध्ये त्याच्या आजूबाजूची घरं, वयात दहा मिळवून. ६/१२ चं पोर तेव्हा दहाचं. पण वयं अंदाजाने लिहिलेली असतात, १८७० ला दक्षिणेत पुष्कळ माणसं मोजायची राहिली, आणि मुक्त झालेल्यांनी मालकाचंच आडनाव घेतलं असेल असंही नाही. एका जुळणीवर उडी मारायची नाही.

सूनबाईला दोन्ही रकाने शेजारीशेजारी लावून पाठवले आहेत, खाली काही न लिहिता. ती हिशेबात माझ्यापेक्षा चलाख आहे. तोवर १८६६ ची अलाबामाची राज्य शिरगणती घेते. तिच्यात कुटुंबप्रमुखांचीच नावं आहेत, पण कृष्णवर्णीयांचीही आहेत. त्यानंतर १८६७ ची मतदार नोंदणी. ३५ वर्षांचा तो पुरुष जगला असेल, तर त्याच्या नावाची नोंद तिथल्याच एखाद्या कागदावर असू शकेल.