शेडमधली हवेची लाइन, नोंद ४: चौदा आट्यांचा चकवा

मागच्या नोंदीत कॉम्प्रेसरच्या हवेची पाइपलाइन उभी राहिली म्हणून मिरवलं होतं. ते मागे घेतो. रात्री ५० लिटरची टाकी ८ बारला भरून मोटर बंद केली, सकाळी गेजवर २. दुसऱ्या रात्री टाकीचा बॉल व्हॉल्व्ह बंद ठेवून पाहिलं, तेव्हा काटा पावणेआठवर होता. म्हणजे हवेचा चोर टाकीत नाही, लाइनीत.

साबणाचं पाणी आणि जुना रंगाचा ब्रश घेऊन एल्बो, टी, युनियन असं एकेक धुऊन काढलं. दोन जोड आवळल्यावर गप्प बसले. उरला भंगारातून आणलेला एफआरएल (हवा गाळणारा, दाब बांधणारा आणि तेल सोडणारा संच), ज्याच्या स्वस्ताईचं मी फार कौतुक केलं होतं. पोर्ट अर्धा इंची, माझा निपल (दोन्ही टोकांना आटे असलेला पाइपचा तुकडा) अर्धा इंची, हाताने चार फेऱ्या लोण्यासारखा गेला. तरी आट्याच्या कडेने मुंगीच्या अंड्यांएवढे बुडबुडे. टेफलॉनचे सहा वेढे दिले, मग दहा. बुडबुडे तसेच.

शेवटी उघडून केरोसीनने पुसला. मळाखाली कोरलेलं होतं: एनपीटी, म्हणजे अमेरिकन मापाचा पाइप-आटा. अमेरिकन मशीनवरून उतरलेला माल! आपल्याकडचे निपल-सॉकेट बीएसपी, म्हणजे ब्रिटिश मापाचे.

पाव इंचीत ही चूक लगेच कळते. बीएसपीला इंचाला १९ आटे, एनपीटीला १८. थोड्या फेऱ्यांत अडकतं आणि शहाणा माणूस थांबतो. अर्धा आणि पाऊण इंचीत मात्र दोघांचेही १४. व्यास इतके जवळचे की व्हर्नियरवरही भरवसा नाही. फरक आट्याच्या कोनात, बीएसपीचा ५५ अंश, एनपीटीचा ६०. निपल आत जातो, पण आट्यांच्या भिंती नीट टेकत नाहीत आणि मळसूत्राच्या वळणाने एक बारीक वाट उरते. हवा ती वाट सोडत नाही. बाहेरचा आटा हाताशी असेल तर ५५ अंशांचा आटे मोजायचा गेज लावून उजेडात धरा, फट दिसते.

पान्याचा जोर वाढवायचा मोहही मला झालाच होता. टेपर, म्हणजे निमुळता आटा म्हणजे पाचर. ॲल्युमिनियमची बॉडी तडकली असती.

हायड्रॉलिकच्या दुकानात पितळी ॲडॉप्टर मिळाला, एका टोकाला एनपीटीचा बाहेरचा आटा, दुसऱ्याला बीएसपीचा आतला. या वेळी टेपऐवजी ॲनेरोबिक सीलंट (हवा न मिळाल्यावर घट्ट होणारा द्रव), पहिला आटा कोरडा ठेवून. टेपच्या चिंध्या व्हॉल्व्हमध्ये अडकलेल्या मी कारखान्यात पुरेशा उपसल्या आहेत. एक दिवस वाळू दिलं. एल्बो सरळ दिसावा म्हणून पाव फेरी मागे फिरवायची खोड होती, तीही आवरली. मागे फिरवलेला टेपर जोड पुन्हा गळतो.

जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपऐवजी पीव्हीसी का नाही, हे दोघांनी विचारलंय. पीव्हीसी दाबाखाली फुटला तर त्याचे तुकडे गोळीसारखे उडतात. लाल पट्ट्याचा सी क्लास, म्हणजे जाड भिंतीचा जीआय, जड आहे, कापताना घाम काढतो, पण मी त्याच्याखाली उभा राहून रंग मारतो.

काल रात्री ८, आज सकाळी ७.४. उरलेला दाब बहुतेक क्विक कपलरमधून (होज झटकन जोडायच्या तोंडातून) जातोय, कान लावला की हलकी शीळ ऐकू येते. त्याचा ओ-रिंग मंगळवारी.