खुकरीची शेवटची संध्याकाळ, प्लॉटिंगच्या कागदावर

सोनार म्हणजे पाण्यात आवाज सोडून प्रतिध्वनीवरून पाणबुडी शोधणारं यंत्र. त्याच्या वर्गात एक अख्खा दिवस एकाच प्रकरणाला दिला. ९ डिसेंबर १९७१, भारत-पाक युद्धात दीवजवळच्या समुद्रात बुडालेली भारतीय नौदलाची आयएनएस खुकरी. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला हे नाव मुलांना ठाऊक होतं: लाइफ जॅकेट खलाशाला देऊन जहाजासोबत गेलेले, महावीरचक्र. जन्म १५ मे १९२६, गोरखपूर. १९४८ साली कमिशन. १९७१ मध्ये खुकरी आणि १४व्या फ्रिगेट स्क्वॉड्रनचं (युद्धनौकांच्या तुकडीचं) नेतृत्व. एवढं फळ्यावर लिहिलं आणि टेबलावर प्लॉटिंगचा, म्हणजे जहाजांच्या जागा आणि मार्ग आखायचा, मोठा कागद पसरला. त्यांच्या शेवटाबद्दल भरपूर लिहिलं गेलंय, त्यांच्यापुढच्या गणिताबद्दल फारच कमी.

आधी जहाज. खुकरी ब्रिटिश टाइप १४ बनावटीची, पाणबुडीविरोधी आणि मुद्दाम स्वस्तात बांधलेली. लांबी सुमारे ९४ मीटर, जहाज ढकलणारा पंखा एकच, वर ४० मिलिमीटरच्या तोफा. पाणबुडीवर मारायला पाण्यात बॉम्ब फेकणारे तीन नळ्यांचे लिंबो मोर्टार, पण त्यांचा पल्ला जेमतेम ९०० मीटर.

मग सोनार. पल्ला २,५०० यार्ड धरला, म्हणजे साधारण २,३०० मीटर. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १,५०० मीटर जातो, म्हणजे पिंग, सोनारने सोडलेला आवाज, जाऊन परत यायला तीन सेकंद. डिव्हायडरने खुकरीभोवती तेवढं वर्तुळ काढलं. समोरची पाकिस्तानी पाणबुडी हंगोर फ्रेंच डॅफ्ने बनावटीची. ती पिंग न करता नुसती ऐकत होती आणि तिच्या कानांचा पल्ला याच्या कितीतरी पट. ते वर्तुळ काढायला कागद पुरला नाही. वर्गात गलका झाला तो इथे.

"सर, मग १२ नॉटने का चालले होते?"

१२ नॉट म्हणजे ताशी सुमारे २२ किलोमीटर. जहाज जोरात गेलं की पंख्याचा आणि बुडाला घासून जाणाऱ्या पाण्याचा आवाज सोनारच्या घुमटात भरतो, प्रतिध्वनी त्यात हरवतो. ऐकायचं तर हळू जावं लागतं. टॉर्पेडो, म्हणजे पाण्यातून येणारं स्फोटक अस्त्र, चुकवायचा तर वेगात आणि नागमोडी. त्यात खुकरीवर सोनारचा पल्ला वाढवण्याच्या एका सुधारणेची चाचणी चालू होती, तिलाही कमी वेग हवा. दोन्ही गरजा खऱ्या, आणि एकमेकींच्या विरुद्ध. यात मुल्लांवर बेफिकिरीचा ठपका ठेवणं मला सोपं वाटतं, न्याय्य वाटत नाही.

खरी अडचण मला दुसरीकडे दिसते. हंगोरच्या कमांडरच्या सांगण्यानुसार खुकरी आणि तिच्या सोबतची किरपान या दोन्ही फ्रिगेट आयताकृती शोधमार्गावर फिरत होत्या. आयताच्या दोन बाजू कळल्या की तिसरी कुठे जाणार हे पाणबुडीला मोजता येतं. मग पाठलाग करायची गरज नाही, वाटेत जाऊन थांबायचं. १२ नॉट म्हणजे मिनिटाला ३७० मीटर. सोनारच्या वर्तुळाची त्रिज्या कापायला जहाजाला सहा मिनिटं. टॉर्पेडो ३० नॉटचा धरला तरी तेवढंच अंतर तो अडीच मिनिटांत कापतो, आणि तो सुटणार वर्तुळाच्या बाहेरूनच.

पहिला टॉर्पेडो किरपानवर सोडला होता, तो स्फोट न होताच निघून गेला. दुसरा खुकरीला लागला, रात्री पावणेनऊच्या सुमारास. असा स्फोट जहाजाच्या बुडाखाली झाला की भोकापुरतं भागत नाही. वायूचा फुगा जहाजाला मधोमध उचलतो, मग खालचा आधार जातो आणि कणाच मोडतो. मिनिटांत सगळं संपलं. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. इतक्या वेळात ब्रिजवरच्या, म्हणजे जहाज चालवण्याच्या जागेवरच्या, माणसाच्या हातात आज्ञा देण्यासारखं फारसं उरत नाही. उरलेल्या वेळात मुल्ला लोकांना बाहेर काढत होते.

दुपारनंतर मुलांनी २० नॉट आणि नागमोडी मार्ग धरून प्लॉट पुन्हा मांडला. खुकरीला गाठणं अवघड झालं खरं, पण तिला काही ऐकूही येईना, म्हणजे जी पाणबुडी शोधायला मुंबईहून पाठवलं तीच सापडणार नाही. एकाने तिसरं जहाज मांडून पाहिलं. पण स्क्वॉड्रनमधली तिसरी फ्रिगेट कुठार बॉयलर रूममधल्या स्फोटानं आधीच निकामी झाली होती, म्हणून तो कागद बाजूला ठेवायला लावला.

उरलेला तास किरपानवर गेला. पाणबुडी जवळ, स्वतःवर टॉर्पेडो सुटलेले, आणि पाण्यात माणसं. थांबायचं की निघायचं? किरपान निघाली. दुसऱ्या दिवशी नौदलाच्या कच्छल या जहाजाने ६ अधिकारी आणि ६१ नौसैनिक उचलले. वर्गाचे सरळ दोन तट पडले, आणि घंटा झाल्यावरही कागद गुंडाळायला कोणी पुढे येईना.