माशांचा पंखा

रविवारची वामकुक्षी मोडून उठलो, कारण टाकीतल्या थर्मामीटरवर २८ दिसले. तोक्योतला ऑगस्ट. फ्रीजरमधली गोठवलेली पाण्याची बाटली काढून टाकीत सोडली आणि काठावरचा छोटा पंखा लावला. वाऱ्याने थोडं पाणी वाफ होऊन उडतं आणि उरलेलं दोन-तीन अंशांनी उतरतं. रोज तांब्याभर पाणी वरून घालावं लागतं, एवढंच. आपला माठ याहून वेगळं काय करतो? चिलरही मिळतो, पण त्याची किंमत ऐकून मी पंख्यावर भागवलं.

टाकीत तीन ओइकावा आहेत. तामा नदीत हवे तेवढे दिसणारे, बोटाएवढे चंदेरी मासे. हे घरात पाळतो म्हटलं की ऑफिसातले जपानी लोक आधी हसतात. आपल्याकडे कुणी हौसेने चिमण्या पाळाव्यात तसं ते. हसोत बापडे. उन्हाळ्यात नराला रंग चढतो तेव्हा बघावं: अंगावर निळसर हिरवं, त्यात गुलाबी पट्टे, आणि थोबाडभर टणक पुटकुळ्या, ऐन लग्नात नवरदेवाला मुरुमं यावीत तशा. जरा दचकला की सगळा रंग गायब.

वाहत्या पाण्यातला जीव, त्याला प्राणवायू भरपूर लागतो. लिटरभर पाण्यात १० अंशांना सुमारे ११ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशांना साडेसातच. म्हणून ही बाटलीची धावपळ. पंपाच्या धारेकडे तोंड करून तिघं दिवसभर पोहतात आणि जागचे हलत नाहीत.

असेच चढणीचे मासे. पहिल्या पावसात ओढा लाल व्हायचा, बांधावरून पडणाऱ्या धारेत मासे उलटे चढायचे आणि काका खाली टोपली धरून उभे. त्यातला एक मी चोरून तांब्यात घालून रात्री उशाशी ठेवला. पहाटे आजीने तोच तांब्या तुळशीला ओतला. तिची किंकाळी आधी ऐकली, मासा नंतर पाहिला. तुळशीपाशी खूप वेळ तडफडत होता तो. आजी दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

ओइकावाही उडी मारतो. गेल्या वर्षी झाकण जरासं सरकलं होतं. चौथा पुस्तकांच्या कपाटामागे सापडला, वाळलेला.

एवढं वाटतं तर नदीत सोडून का देत नाही? पाळलेला मासा परत सोडायचा नाही, हा इथला पहिला नियम. १९६० साली जपानचे युवराज अकिहितोंना शिकागोच्या महापौरांनी ब्लूगिल हे अमेरिकन मासे भेट दिले. ते पुढे बिवा सरोवरात इतके माजले की २००७ मध्ये, सम्राट झालेल्या अकिहितोंनी जाहीर खेद व्यक्त केला. स्वतः माशांचे अभ्यासक असून! आणि ओइकावा तरी कुठे धुतल्या तांदळासारखा? बिवातली आयु माशाची पिल्लं नद्यानद्यांत सोडली, त्यांच्याबरोबर हाही कुठे कुठे पोचला. माझ्या तिघांचं मूळ गाव कोणतं, देव जाणे.

व्हिडिओ कॉलवर आईला टाकी दाखवली. पंखाही दाखवला.

"खातात का रे हे मासे?"

"खातात, आई. तळून व्हिनेगरमध्ये मुरवतात."

"मग?"

मग काय. बाटली वितळली होती, ती परत फ्रीजरमध्ये ठेवली.