गिरणगावची कादंबरी, तिसरा खर्डा: प्रकरण ६ ते ११ ची नोंद

स्थिती: चौदापैकी अकरा प्रकरणं तिसऱ्या खर्ड्यात आली. शब्द ३१,४००, उद्दिष्ट ४५,००० च्या आसपास. काळ मुंबईच्या गिरणी संपाचा, जानेवारी १९८२ ते फेब्रुवारी १९८३, जागा लालबाग. नायक दिन्या, वय १९. बाप गिरणीत लूमवर कायम, आता संपावर. आई खानावळीचे डबे करते. गल्लीच्या तोंडाशी मटक्याचा रायटर बसतो, म्हणजे आकड्यांच्या जुगाराचे पैसे घेऊन चिठ्ठी लिहून देणारा; त्याला सगळे भाऊ म्हणतात.

या टप्प्यात सगळ्यात जास्त वेळ गेला तो सहाव्या प्रकरणावर. दुसऱ्या खर्ड्यात दिन्याला जुगाराचा मोह होता: आकडा लागेल, पैसे येतील, घर सावरेल. वाचताना ते खोटं वाटत होतं आणि कारण साध्या हिशोबात सापडलं. एकडी, म्हणजे शून्य ते नऊमधला एक आकडा, दहात एकदा लागते आणि रुपयाला नऊ देते. शंभर जणांनी रुपया-रुपया लावला तर शंभर जमतात, सरासरी नव्वद परत जातात. जोडी, म्हणजे दोन आकडे मिळून, शंभरात एकदा, रुपयाला नव्वद, तिथेही तेच. रायटरच्या शेजारी चार संध्याकाळी उभं राहिलेल्या, अकरावी झालेल्या पोराला हे कळायला हवं. तेव्हा दिन्याचा मोह आकडा लावण्याचा नाही, आकडा लिहिण्याचा आहे. संपाच्या वर्षात अख्ख्या गल्लीत रोजच्या रोज रोख रक्कम फिरते ती एकाच बाकड्यावर, आणि तो बाकड्याच्या कुठल्या बाजूला आहे यावर कादंबरी उभी आहे. एवढं ठरल्यावर पहिली पाच प्रकरणंही त्या नजरेने तपासून घेतली.

घराच्या वहीबद्दल. गुन्ह्याकडे वळणाऱ्या पोरावर लिहिणाऱ्या प्रत्येकाने ही वही ठेवावी असं माझं ठाम मत आहे. साधी रेघांची वही, महिन्याला एक पान, डावीकडे जमा, उजवीकडे खर्च: खोलीचं भाडं, रेशन, रॉकेल, दूध, सावकाराचं व्याज, धाकटीची फी. रकमा कादंबरीपुरत्या मी ठरवल्या आहेत, पण एकदा लिहिली की रक्कम हलवायची नाही. जानेवारीत आईकडे आठ मेंबर जेवतात. मेमध्ये तीन उरतात, कारण बाकीचे संप लांबल्यावर गावाला निघून गेले. एका मेंबरचे पैसे गेले की पानावर कुठली ओळ कोरी राहते ते लगेच दिसतं. दुसऱ्या खर्ड्यात "घरात खायला काही नव्हतं" असं वाक्य तीन वेळा आलं होतं. तिन्ही काढली. त्याजागी मार्चमध्ये दूध अर्धा लिटरवरून पाव लिटरवर येतं, जूनमध्ये तांब्याचा हंडा जातो, ऑगस्टमध्ये आईच्या गळ्यात काळी पोत उरते.

दिन्याच्या कामाची चढणही वहीतच आखली आहे. मार्चमध्ये गल्लीच्या तोंडाशी उभं राहून हवालदारावर नजर ठेवायची, सात ते नऊ, संध्याकाळचे दोन रुपये. एप्रिलपासून वळण, म्हणजे चिठ्ठ्या आणि रोकड वरच्या बुकीकडे पोचवायचं, चार रुपये. जूनपासून लिहिणं, शेकडा पाच. ऑगस्टमध्ये उधारीची वसुली. ऑक्टोबरमध्ये वसुलीला जाताना बरोबर आणखी एक जण, आणि त्याच्या खिशात वस्तरा. आधी या चढणीत मधल्या दोन पायऱ्या नव्हत्या. दिन्या उभं राहण्यावरून थेट वसुलीवर जात होता आणि वाचकाला धक्का बसायचा, पण पटायचं नाही. पायरीची उंची पैशात मोजली की चूक सापडते. आधीच्या कामाच्या तिप्पट-चौपट रक्कम एकदम आली की पोरगा थबकतो, आजूबाजूचेही थबकतात. दोनाचे चार होतात तेव्हा कुणी विचारत नाही.

आता सहाव्या प्रकरणातला तो प्रसंग. दुसऱ्या खर्ड्यात असा होता:

"किती दिवस असा रिकामा फिरणार? माझ्याबरोबर ये, पैशात लोळशील," भाऊ म्हणाला. दिन्याच्या मनात वादळ उठलं.

मोह दाखवणारा माणूस मोहाबद्दल बोलू लागला की प्रसंग तिथेच मरतो. तिसऱ्या खर्ड्यात:

"जरा धर. चा मारून येतो." पॅड दिन्याच्या हातात आलं. एक म्हातारा पुढे झाला, दोन रुपयांची नोट चार घड्या घातलेली. "सत्ता. ओपन." दिन्याने लिहिलं, वरची चिठ्ठी फाडून दिली. भाऊ परत आला, पॅड बघितलं, कार्बन उचलून उजेडाला धरला. खालची चिठ्ठी कोरी होती. "उलटा घातलास," तो म्हणाला, आणि कार्बन सुलटा करून पॅड परत दिन्याकडे दिलं.

दोन चिठ्ठ्यांमधल्या कार्बनची काळी बाजू वर राहिली की छाप खालच्या कागदावर पडत नाही, वरच्याच चिठ्ठीच्या पाठीवर उलटी उमटते. म्हाताऱ्याच्या हातात पुरावा आहे, बुकीकडे गेलेल्या वळणात तो आकडा नाही. रात्री ओपन, म्हणजे दोनपैकी पहिला निकाल (दुसरा क्लोज), येतं तीन-सहा-आठ, बेरीज सतरा, शेवटचा अंक सात, म्हणजे सत्ता. वळणात न गेलेला आकडा रायटरच्या अंगावर पडतो. भाऊ अठरा रुपये मोजून देतो आणि दिन्याला एक शब्द बोलत नाही. पुढची सगळी कादंबरी त्या न बोललेल्या शब्दावर चालते. पहिल्यांदा लिहिताना "अठरा रुपयांचं देणं" असं सगळीकडे पडलं होतं. पण लावलेले दोन भाऊकडेच आले होते, त्याच्या खिशातून गेले सोळा. दिन्या हिशोबी आहे, त्याच्या डोक्यात सोळाच असायला हवेत. चार ठिकाणी दुरुस्त केलं.

मटक्याच्या तपशिलात झालेल्या आणखी काही चुका, कारण या काळावर लिहिणाऱ्या बहुतेकांच्या हातून त्या होतात. पानात, म्हणजे निकालाच्या तीन अंकांत, शून्य सगळ्यात मोठं धरतात, म्हणून ते शेवटी येतं: एक, दोन, शून्य हे पान १२० असं लिहितात. माझ्याकडे ०१२ होतं. जोडी म्हणजे ओपनचा आकडा आणि क्लोजचा आकडा मिळून. ती ओपन निघायच्या आत लावावी लागते. आठव्या प्रकरणात एक जण रात्री दहाला जोडी लावत होता. त्या वेळेला फक्त क्लोज लावता येतो. तो प्रसंग साडेआठला सरकवला, त्यासाठी आईचं जेवण वाढणंही आधी घ्यावं लागलं. ओपन नऊच्या सुमाराला आणि क्लोज मध्यरात्री, आणि गिरणीची दुसरी पाळी साडेतीनला सुरू होऊन बाराला सुटायची. म्हणजे संपाआधी पाळी सुटलेले लोक रस्त्यावर येत तेव्हाच क्लोजची बातमी फिरत असणार. संपात बारा वाजता रस्ता रिकामा, आणि क्लोज ऐकायला उभी राहिलेली माणसं तेवढी दिसतात. ही एक ओळ सातव्या प्रकरणाची सुरुवात झाली. मटक्याचं मूळ कापसात आहे हेही बापाच्या तोंडी आलं: सुरुवातीला न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या उघडत्या-बंद होत्या भावांवर आकडा लावत. कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांच्या मटक्यांनी पुढे तो धंदा त्या भावांपासून तोडला. बाप हे कडवटपणे सांगत नाही. त्याला कापसाची माहिती आहे म्हणून सांगतो.

संपाची मांडणी. १८ जानेवारी १९८२, सोमवार, डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. १९४६ च्या औद्योगिक संबंध कायद्याखाली मान्यता राष्ट्रीय मिल मजदूर संघ या दुसऱ्याच संघटनेला होती, त्यामुळे कामगार ज्याच्या मागे उभे होते त्याच्याशी बोलणी करणं मालकांवर बंधनकारक नव्हतं. हे चौथ्या प्रकरणात दोन कामगारांच्या भांडणातून येतं, लेखकाच्या निवेदनातून नाही. संप रीतसर मागे घेतल्याची तारीख नाही. कादंबरीच्या रचनेला याचा मोठा त्रास होतो: "संप संपला" असा शेवटचा प्रसंग मिळतच नाही. पहिल्या खर्ड्यात तो मी रचला होता, तो पूर्ण काढला. त्याऐवजी एकेक माणूस गेटवर परत जातो, कुणाचं नाव घेतलं जातं, कुणाचं नाही.

नववं प्रकरण, १८ ऑगस्ट, बुधवार. मुंबई पोलिसांचं आंदोलन आणि त्या दिवशी उसळलेली दंगल. इथे लुटालूट रंगवायचा मोह लिहिणाऱ्याला होतो; दुसऱ्या खर्ड्यात १,९०० शब्द झाले होते, आता १,१०० आहेत. रस्त्यावर पोलीस नसताना केलेल्या चोरीत दिन्याची परीक्षा होत नाही. त्या दिवसाचं या कादंबरीतलं महत्त्व वेगळं आहे: हवालदारच नाही म्हटल्यावर नजर ठेवणाऱ्या पोराच्या दोन रुपयांना अर्थ उरत नाही, आणि भाऊ ते काम करणाऱ्या नव्या पोराला सरळ घरी पाठवतो. ते पोर बारा वर्षांचं आहे. दिन्याने ते काम सोडल्यावर त्याच्या जागी कोण आलं, हे दिन्याला तेव्हा कळतं.

कॅलेंडर. त्या वर्षी गणेश चतुर्थी २२ ऑगस्टला, म्हणजे दंगलीनंतर चार दिवसांनी. अधिक अश्विन होता, त्यामुळे दसरा २७ ऑक्टोबर आणि दिवाळी १५ नोव्हेंबर. खर्ड्यात दसरा सप्टेंबरअखेर धरला होता आणि दहावं प्रकरण त्यावर बांधलं होतं. दुरुस्तीने प्रकरण मोडलं, पण फायदा झाला. पितृपक्ष आणि मागोमाग अधिक महिना, असे दीड महिना सणाची फुटकळ कमाई नाही, मखर नाही, तोरण नाही. वस्तऱ्याची पायरी त्या कोरड्या पट्ट्याच्या शेवटी येते आणि आता ती बळजबरीने आणल्यासारखी वाटत नाही. जुन्या काळावर लिहिताना आधी पंचांग उघडा, मग प्रकरणं आखा.

नोटा: दहाव्यात पाचशेची नोट होती. ती १९८७ ची. १९८२ मध्ये सगळ्यात मोठी नोट शंभराची, म्हणून पाच हजार म्हणजे पन्नास नोटांची गड्डी. सदऱ्याच्या खिशातून ती दिसते, लपवायला कमरेला रुमाल लागतो.

भाषा. भाई, पेटी (लाख), खोका (कोटी) हे शब्द सरसकट काढले. दिन्याच्या हातून जाणारी सगळ्यात मोठी रक्कम काही हजारांची आहे, तिथे पेटी कोण म्हणेल? आई घरात मालवणी बोलते, बाहेर बोलत नाही. "ह्ये पैसे खंयसून हाडलंस?" हा प्रश्न ती एकदाच विचारते, सातव्या प्रकरणात. नंतर पैसे डब्याखाली ठेवलेले सापडतात आणि ती ते मोजून वहीसारखे लावून ठेवते. दिन्या आईशी मालवणी, गल्लीत मुंबईची मराठी, वसुलीवाल्याशी हिंदी मिसळून बोलतो. अकराव्यात तो पहिल्यांदा आईला गल्लीच्या भाषेत उत्तर देतो. त्यावर निवेदनात एकही वाक्य लिहिलेलं नाही, आणि कुणी वाचून दिलं तर एवढंच सांगा की ते लक्षात आलं का.

कायद्याच्या दुरुस्त्या बाराव्यासाठी करून ठेवल्या. पहिल्या आराखड्यात दिन्या १७ वर्षांचा होता आणि पकडल्यावर डोंगरीच्या रिमांड होममध्ये जात होता. १९४८ च्या मुंबई बाल अधिनियमात मूल म्हणजे सोळाच्या आतलं. अठराची मर्यादा मुलग्यांना २००० च्या कायद्याने आली. म्हणून वय १९ केलं आणि डोंगरी त्या बारा वर्षांच्या पोराच्या वाट्याला गेली. कलम: रस्त्यावर आकडे घेतल्याबद्दल मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा १८८७, कलम १२(अ). मकोका, संघटित गुन्हेगारीविरुद्धचा कायदा, १९९९ चा, तो इथे येऊच शकत नाही. पंचनामा दोन पंचांसमोर, भाषा ठरीव: रोख रक्कम, आकडे लिहिलेल्या चिठ्ठ्या, एक कार्बन, एक बॉलपेन. कार्बन त्या यादीत राहू द्यायचाच आहे. हा गुन्हा लहान आहे आणि लहानच ठेवणार. जड पडतं ते नंतरचं: चॅप्टर केस, म्हणजे चांगल्या वर्तनाची हमी लिहून घेणारी कारवाई, आणि मुंबई पोलीस कायदा १९५१ च्या कलम ५६ खाली तडीपारीची भीती, जिची मुदत जास्तीत जास्त दोन वर्षं.

पुढचं काम: बारावं सुमारे ३,५०० शब्दांत. तेराव्यात जामीनदार कोण हे अजून उघडं आहे. आईने रेशनकार्ड घेऊन कोर्टात जावं असा आराखडा होता, पण वहीत नोव्हेंबरच्या पानावर ते कार्ड सावकाराकडे गहाण आहे, दिवाळीच्या तेलासाठी.