डेकलिस्ट मोजून घ्या! मॅजिकच्या स्पर्धेत जजचं काम करतानाचा माझा अनुभव

मॅजिक: द गॅदरिंग या कार्डांच्या खेळाच्या कॉम्पिटिटिव्ह, म्हणजे कडक नियमांच्या, स्पर्धेत जज म्हणून उभं राहिलं की नियमांच्या वादांचं मला काही वाटत नाही. कार्ड वाचायचं, दोघांचं ऐकायचं, निर्णय द्यायचा. पटला नाही तर खेळाडू हेड जजकडे दाद मागतो आणि तिथे विषय संपतो. चिडचिड होते ती डेकलिस्टच्या कागदापायी, म्हणजे खेळाडूने आपल्या डेकमधली (कार्डांच्या गठ्ठ्यातली) कार्डं लिहून द्यायची त्या यादीपायी. नोंदणीच्या टेबलावर तो न मोजताच घेतला जातो, "नंतर बघू" म्हणून गठ्ठ्यात जातो, आणि एका आकड्याच्या चुकीसाठी खेळाडूला पुढे अख्खा गेम गमवावा लागतो.

हिशेब खरं तर सोपा आहे. कन्स्ट्रक्टेड फॉरमॅटमध्ये, म्हणजे आधीच बांधून आणलेल्या डेकने खेळायच्या प्रकारात, मुख्य डेक किमान ६० कार्डांचा, साइडबोर्ड (मॅचमधल्या दोन गेमच्या मधे डेकमध्ये बदलून घालायची कार्डं) जास्तीत जास्त १५ कार्डांचा. बेसिक लँड ('माउंटन'सारखी जमिनीची साधी कार्डं) सोडून एका नावाच्या चारच प्रती चालतात, आणि त्या चार मुख्य डेक व साइडबोर्ड मिळून. लोक फसतात ते इथेच. वर तीन लिहिलेली, खाली दोन. दोन्ही रकाने वेगवेगळे पाहिले तर निर्दोष, एकत्र केले तर पाच. म्हणून साइडबोर्डमधलं प्रत्येक नाव मी वरच्या यादीत बोट फिरवून शोधतो.

यादी दोनदा बघायची. पहिल्यांदा फक्त आकडे, नावांकडे नजरसुद्धा टाकायची नाही. नावं वाचत बेरीज केली की ती हमखास चुकते. दुसऱ्यांदा फक्त नावं. बेरीज ५६ किंवा ५९ आली तर आधी लँडच्या ओळी बघा, बहुधा त्यातलीच एक लिहायची राहिलेली असते. नावांच्या फेरीत अर्धवट नावं सापडतात. नुसतं "लिलियाना" लिहिलं तर 'लिलियाना ऑफ द व्हेल' की 'लिलियाना, द लास्ट होप'? मॉडर्न या फॉरमॅटमध्ये दोन्ही चालतात, मग कळायचं कसं? आपल्याला काय म्हणायचंय ते निःसंशय स्पष्ट असेल तर हेड जज दंड सोडू शकतात, पण त्या भरवशावर राहू नका, पूर्ण नाव लिहा. 'माउंटन' आणि 'स्नो-कव्हर्ड माउंटन' हीसुद्धा दोन वेगळी नावं आहेत. जुनी यादी जशीच्या तशी उतरवणाऱ्यांनी बंदीची यादी त्याच आठवड्यात उघडून बघावी. 'द वन रिंग' हे कार्ड मॉडर्नमध्ये १६ डिसेंबर २०२४ पासून बंद आहे, पण त्याआधीच्या याद्यांमध्ये ते चार-चार प्रतींनी सापडतं.

चूक सापडल्यावर काय होतं ते नीट समजून घ्या. कागदावर ५९ आणि हातात बरोबर ६० कार्डं असतील, तर ती 'डेकलिस्ट प्रॉब्लेम' ठरते. यादी डेकप्रमाणे दुरुस्त होते, पण गेम लॉस, म्हणजे एक गेम हरल्याचा दंड, मिळतो. यादीत पाचवी प्रत किंवा बंदी असलेलं कार्ड असेल तर ते काढलं जातं, आणि डेक साठच्या खाली गेला तर ती जागा प्लेन्स, आयलंड, स्वॉम्प, माउंटन, फॉरेस्ट यांनीच भरायची. मनाजोगतं दुसरं कार्ड घालता येत नाही.

उलट यादी बरोबर आणि डेकच तिच्याशी जुळत नाही, तर तो 'डेक प्रॉब्लेम'. उदाहरणार्थ, मागच्या मॅचनंतर साइडबोर्डची कार्डं परत काढायची राहिली. यावर मुळात वॉर्निंग असते. मात्र नोंदवल्यापेक्षा जास्त प्रती डेकमध्ये होत्या आणि ते गेम सुरू झाल्यावर उघड झालं, तर गेम लॉस. त्या कार्डाच्या सगळ्या प्रती अजून लायब्ररीच्या (गेममध्ये ज्यातून कार्डं ओढतात त्या गठ्ठ्याच्या) शफल केलेल्या भागातच असतील तरच सुटका.

"डेक तर बरोबर आहे ना माझा, मग गेम का जातो?" हा प्रश्न विचारणाऱ्या खेळाडूचा चेहरा मला बघवत नाही. नियम मला मान्य आहे. यादी सैल सोडली तर समोरचे डेक बघून आपला डेक बदलायला कुणीही मोकळा होईल. पण टेबलावर यादी स्वीकारली जाण्याआधी तीच चूक पेनाच्या एका रेघेत, दंडाशिवाय सुधारता येते, स्वीकारल्यानंतर नाही. मोजायला एक मिनिट लागतं. ते मिनिट टेबलावर कुणी देत नसेल तर खेळाडूने स्वतः द्यावं, आणि शेजाऱ्याला आपली यादी मोजायला सांगावी. स्वतःच्या यादीत राहिलेली ओळ आपल्या डोळ्यांना दिसत नाही.

आपल्या शुक्रवारच्या दुकानातल्या स्पर्धांना, म्हणजे रेग्युलर पातळीला, हे कडक दंड लागू नाहीत. तिथे बहुतेकदा यादीच मागत नाहीत, आणि डेकमध्ये चूक निघाली तर समजावून दुरुस्त करतात.

आता डेक चेक, म्हणजे डेक यादीशी ताडून बघणं. स्पर्धेभरात किमान १० टक्के डेक तपासले जावेत अशी अपेक्षा असते. दोघांनी शफल करून डेक समोर ठेवले की आम्ही दोन्ही उचलतो. नव्या जजची चूक म्हणजे लगेच कार्डं नावाप्रमाणे लावायला घेणं. आधी डेक आहे त्याच क्रमात ठेवून स्लीव्हच्या (कार्डांच्या प्लास्टिकच्या पाकिटांच्या) पाठी आणि कडा बघायच्या, त्यांवर खुणा आहेत का ते. एकदा कार्डं लावली की खुणांचा नमुना कुठल्या कार्डांवर पडतो ते पुन्हा शोधावं लागतं. पावसाळ्यात मुंबई-कोकणातल्या दमट हवेत फॉइल (चकाकत्या थराची) कार्डं कमानीसारखी वाकतात, कारण कागद ओल शोषतो आणि फॉइलचा थर शोषत नाही. डेक टेबलावर ठेवून बाजूने बघितला तर चार ठिकाणी फट दिसते, आणि गठ्ठा कापताना कट नेमका तिथेच लागतो. 'मार्क्ड कार्ड्स'ला वॉर्निंग आहे, पण खुणांचा नमुना फायद्याचा असेल तर गेम लॉस. चारच फॉइल आणि बाकी साधी असं करू नका.

एक सांगायचं राहिलं. मॅच सुरू होण्याआधीच गेम लॉस मिळाला, तर प्रत्यक्ष खेळल्या जाणाऱ्या पहिल्या गेममध्ये दोघांनाही साइडबोर्ड वापरता येत नाही. आणि दोघांनाही एकाच वेळी गेम लॉस मिळाला तर नोंद होते, गुण बदलत नाहीत.

डेक परत मिळतो तेव्हा तो आम्ही यादीप्रमाणे लावलेला असतो, लँड एकीकडे, चार-चारच्या गड्ड्या एकीकडे. तपासणीला लागलेला वेळ आणि वर तीन मिनिटं तुम्हाला वाढवून मिळतात, ती यासाठीच. घाई न करता पूर्ण शफल करा.