दाण्याला तेल सुटेपर्यंत

लग्नकार्याला पुण्या-मुंबईकडचे पाहुणे आले, की पंगत उठल्यावर कुणीतरी स्वयंपाकघराच्या दारात येऊन विचारतंच, "ताई, दाणे तेच, लसूण तोच, तिखटही तुमच्याकडूनच नेलेलं. मग आमची शेंगदाण्याची चटणी पिठासारखी कोरडी का निघते?" घाईगर्दीत मी "उखळात कुटा" एवढंच म्हणते आणि मला ते अपुरं वाटत राहतं. तुम्हीही तेच विचारलंत म्हणून आज नीट सांगते.

शेंगदाण्यात वजनाच्या जवळजवळ निम्मं तेल असतं. मिक्सरचं पातं दाणा कापतं, मुसळ तो चेपतं. कापला की भुगा होतो, चेपला की आतलं तेल बाहेर येतं. फरक एवढाच आहे, पण तो जिभेला लगेच कळतो.

मी लग्न होऊन लातूरजवळच्या खेड्यात आले तेव्हा ओसरीत जमिनीत बसवलेलं दगडी उखळ होतं. सासूबाई आधी लसूण, जिरं, मीठ आणि तिखट कुटायच्या. मिठाच्या खड्यांनी लसूण रगडला जायचा आणि त्याचा ओलावा तिखटात मुरायचा. मग दाणे, तेही ओंजळ-ओंजळ. मी सगळे एकदम ओतायला गेले की म्हणायच्या, "आगं, उगं घाई करू नको. त्याला तेल सुटू दे की." आधी मुसळाचा आवाज खडखड यायचा, मग हळूहळू धपधप. रंग विटकरी व्हायचा. चिमूट दाबून बघितली की मुटका वळायचा आणि बोटांना चकाकी यायची. तिथं थांबायचं.

अर्धा किलो दाण्यांना मी 2 मोठे गड्डे लसूण घेते, तिखट आपापल्या घरच्या सवयीनं. दाणे मात्र लोखंडी कढईत मंद आचेवर, हात न थांबवता भाजायचे. मोठ्या आचेवर साल करपतं आणि आत दाणा कच्चाच राहतो. भाजून झाले की पूर्ण निवू द्यायचे, मग चोळून पाखडायचे.

उखळ नसेल तर लोखंडी खलबत्ता घ्या. तोही नसेल तर मिक्सर, पण एकेक क्षण फिरवून थांबायचं, चमच्यानं खालवर करायचं, आणि दाणे जाडसर असतानाच काढून परातीत तळहातानं रगडायचे. सलग फिरवलात तर भांडं तापतं आणि चटणीचा लगदा होतो.

जवसाच्या चटणीचं गणित उलटं आहे. तिथं तेल काढण्यापेक्षा सांभाळायचं असतं. हे मी नुकसान करून शिकले. लेक शिकायला नांदेडला होती. एका दिवाळीत मी तिला किलोभर जवसाची चटणी करून दिली, महिनोन्‌महिने पुरेल अशा हिशेबानं. संक्रांतीच्या आधी तिचा फोन आला, "आई, चटणीला रंगाच्या डब्यासारखा वास येतोय." मला फार वाईट वाटलं, कारण तिथं तिला रोजच्या भाकरीसोबत तेवढीच घरची चव होती. पण तिचं नाक अचूक होतं. जवस म्हणजेच अळशी, आणि अळशीचं तेल तैलरंगात, लाकडाच्या पॉलिशमध्ये वापरतात. हवा लागली की ते वाळतं, घट्ट होतं. लाकडाला जो गुण उपयोगी, तोच चटणी खवट करतो. अख्ख्या दाण्यात तेल झाकलेलं असतं, कुटला की उघडं पडतं.

म्हणून जवस अख्खे ठेवावेत आणि आठवड्याला लागेल तेवढीच चटणी कुटावी. जवस कढईत तडतडले की लगेच उतरवायचे. बरणी लहान घ्यायची, काठोकाठ भरायची, उन्हापासून लांब ठेवायची, ओला चमचा घालायचा नाही. कारळालाही मी हाच नियम लावते.

आता वरच्या तेलाबद्दल. आमच्याकडं ताटात चटणीचा ढीग करून मध्ये बोटानं खळगा करतात आणि त्यात घाण्याचं कच्चं करडईचं तेल ओततात. मराठवाड्यात रब्बीला करडई पूर्वी रानोरान असायची. परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या करडईच्या एका वाणाचं नावच 'परभणी कुसुम' आहे. आता पेरा घटला, आणि त्याची मला खरोखर हळहळ वाटते. तिखटाची आग तेलात विरघळते, पाण्यात नाही. म्हणून तिखट चटणी तेलासोबत जिभेला सोसते, नुसतं पाणी पिऊन भागत नाही. येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, शेतात कडब्याच्या कोपीपुढं भज्जी, उंडे, आंबील असं सगळं असतं, तरी धपाट्यासोबत चटणी आणि हे तेल लागतंच.

पुढच्या वेळी याल तेव्हा दुपारी या, जेवणाच्या वेळेला नको. दाणे भाजून निवत ठेवलेले असतील. मुसळ तुमच्या हातात देईन. आवाज बदलला की मला हाक मारा.